कस

दिवाळी सरून आठवडा झाला
की बुचाचं झाड कामाला लागतं.
रात्रभर, कुणाला न विचारता,
मलप्रभा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये
पांढरं अंथरत जातं.

झाड कंपाउंडपलीकडचं, बंद पडलेल्या शाळेचं.
फांदी आमच्याकडे वाकलेली.
फुलं सात नंबरवर.
सात नंबर मुतगेकरांचा, ते असतात मस्कतला.
गाडी नाही, भाडेकरू नाही,
नुसता पिवळ्या रेघांचा चौकोन
साडेआठ फूट बाय सोळा.
तो मीच आखलाय.
तीस वर्षं मोजणी खात्यात काढली,
नंदगडपासून निपाणीपर्यंत साखळी ओढली,
दोरी दिसली की हात अजून शिवशिवतो.

गुरुवारी मिस्किटाबाई घसरल्या.
दुधाची पिशवी एकीकडे, चष्मा एकीकडे,
मनगट प्लास्टरमध्ये.
ओल्या फुलाचा देठ लांब असतो,
पायाखाली फिरतो.
"ही काढायची कुणी, सांगा की,"
त्यांनी विचारलं, रागानं नाही,
बसची वेळ विचारावी तसं.

रविवारी मीटिंग. जिन्याखाली
खुर्च्या अकरा, माणसं सोळा.
हुक्केरी कन्नडमध्ये बोलले, उचगावकर मराठीत,
भांडण दोघांनाही नीट पोचलं.
एक म्हणाले, जागा ज्याची फुलं त्याची.
दुसरे म्हणाले, फुलांचा उतारा काढलाय काय कुणी?
मस्कतला फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
"मी गाडीच लावत नाही की तिथं,
मग घाण माझी कशी?"
मेंटेनन्स मात्र ते वेळेवर भरतात,
हेही लिहून ठेवलं पाहिजे.

नियमावलीचं पान बारा:
सामाईक जागा सोसायटीने झाडावी,
नेमून दिलेली ज्याची त्याने.
वरून पडणाऱ्या गोष्टींबद्दल
बिल्डरला काही सुचलेलं नव्हतं.
विषय चौथा, निर्णय पुढच्या बैठकीत.
चहा आला.

फकिरव्वा मच्छेहून पहिल्या बसने येते.
जिना झाडते, पॅसेज झाडते,
पिवळ्या रेघेशी आली की खराटा उचलते.
तेवढाच पगार ठरलाय तिचा.
ठरवलेल्या कागदावर सही माझी.

सोमवारी म्हटलं, आज तेवढा सात नंबरचा कस काढ,
पन्नास रुपये माझ्याकडचे घे.
(कस म्हणजे केर, एवढं कन्नड
इथं दूधवाल्याच्या म्हशीलाही येतं.)
तिनं चौकोनाकडे बघितलं.
खराटा भिंतीला टेकवला.
"इदु कस अल्लरी, हूव."
केर नव्हे हो हा, फुलं.
फुलांना खराटा लावणार नाही म्हणाली,
आणि पायपुसणी झटकायला वर गेली.

मराठीत कस म्हणजे वेगळंच काही.
सोन्याचा बघतात. जमिनीचा बघतात.
माणसाचाही लागतो, कधी कधी
अगदी फालतू ठिकाणी.
तीस वर्षं दोन्ही लिप्यांत नकाशे भरले,
हा शब्द शेजारी शेजारी ठेवून
कधी वाचला नव्हता.

मंगळवारी पहाटे सूप घेऊन उतरलो.
गुडघे कुरकुरले, बसलो उकिडवा.
एकेक उचलू लागलो आणि खात्याची सवय उफाळली:
रेघेवरच पडलेल्या एका फुलाचा
देठ सामाईक,
पाकळ्या मुतगेकरांच्या.
हसू आलं. पहाटे पावणेपाचला
एकट्याला येतं ते हसू,
घशातल्या घशात.

उजाडायच्या आत उरकतो हल्ली.
हुक्केरींनी पाहिलं तर पायंडा पडेल,
पुढच्या सेक्रेटरीच्या गळ्यात सूप येईल.
फकिरव्वाला कळलंय. काही बोलत नाही.
सूप कोपऱ्यात उपडं ठेवते, वाळायला.

उठताना पाठीवर एक फूल पडतं,
मागे, झाडून झालेल्या जागेत, दुसरं.
पिवळा रंग दोन ठिकाणी उडालाय.
डबा माळ्यावर आहे, अर्धा भरलेला.
बघू,
बुच थांबला की.